पत्ता बरोबर, खोली चुकीची: एका भाषेतला अ‍ॅरे दुसरीला देताना

आमच्याकडे नवीन रुजू होणारी मुलं पहिल्या पंधरवड्यातच एक प्रश्न घेऊन येतात. "पायथनमधून सीला अ‍ॅरेचा (म्हणजे एकाच जातीच्या आकड्यांच्या रांगेचा) मेमरीतला अ‍ॅड्रेस बरोबर पाठवलाय, छापूनही बघितला. मग आकडे भलतेच का येतात?" उत्तर देताना मी वरळीच्या बीडीडी चाळीपासून सुरुवात करतो, कारण मुंबईत पत्ता म्हणजे काय हे तिथे नीट कळतं.

बीडीडीची एक चाळ म्हणजे तळमजला अधिक तीन मजले, मजल्यावर २० खोल्या, एकूण ८०. खोली १६० चौरस फुटांची. आता मी तुमच्या हातात फक्त चाळीचा पत्ता दिला आणि म्हटलं, "सत्तेचाळीस खोल्या सोडून पुढच्या दारावर टकटक करा." तुम्ही लगेच विचाराल: मोजायला तळमजल्यापासून लागू की पहिल्या मजल्यापासून? मजल्यावरून आडवं जाऊ की जिन्याने उभं? आणि चाळ अजून उभी आहे, की पुनर्विकासात पाडली? पत्त्याच्या चिठ्ठीवर यातलं काहीच लिहिलेलं नसतं. मेमरीचा पत्ताही तसाच कोरडा आकडा असतो. घटक कुठल्या प्रकारचा, किती घटक, कुठल्या क्रमाने मांडलेत आणि ते कुठवर जिवंत राहणार, या चार गोष्टी दोन्ही भाषांनी आपापसात वेगळ्या ठरवाव्या लागतात. त्यातली एक जरी राहिली, तरी बरोबर पत्त्यावर चुकीचं दार उघडतं.

खाली पायथन आणि सी ही जोडी धरून एकेक पायरी सांगतो. फोरट्रान, जावा, एक्सेल वगैरे नंतर येतील. तयार कोड मुद्दाम देत नाही. डकवायला मिळालं की माणूस डकवतो आणि मोकळा होतो. फंक्शनांची नावं आपण बोलतो तशी लिहिली आहेत, कागदपत्रांत लगेच सापडतील.

पत्ताच का द्यायचा

एक कोटी दशांश आकडे म्हणजे प्रत्येकी ८ बाइटप्रमाणे ८ कोटी बाइट. फंक्शन एकदाच बोलवायचं असेल तर त्यांची नक्कल केली तरी चालेल. तेच फंक्शन लूपमध्ये हजार वेळा बोलवायचं असेल, तर यंत्राचा बराचसा वेळ नकला काढण्यातच जाईल. पत्ता दिला की अ‍ॅरे शंभर घटकांचा असो वा कोटीचा, ६४-बिटी यंत्रावर हस्तांतर फक्त ८ बाइटचं.

पायथनची साधी लिस्ट मात्र या कामाची नाही. लिस्टमध्ये आकडे नसतात, आकड्यांच्या वस्तूंचे पत्ते असतात. त्यातली प्रत्येक दशांश वस्तू नेहमीच्या ६४-बिटी पायथनमध्ये २४ बाइटची असते आणि मेमरीत कुठेही पडलेली असते. सीला लागतात एकमेकांना चिकटून बसलेले आकडे. म्हणून नमपाय या आकडेमोडीच्या पायथन लायब्ररीचा अ‍ॅरे घ्या, किंवा पायथनचं स्वतःचं अ‍ॅरे मोड्यूल.

आधी सीची बाजू

सीमध्ये 'बेरीज' नावाचं एक छोटं फंक्शन लिहा. त्याला दोन गोष्टी द्यायच्या: डबलचा (८ बाइटच्या दशांश आकड्याचा) पॉइंटर, म्हणजे प्रकार ठरलेला पत्ता, आणि घटकांची संख्या. परत मिळेल एक डबल. संख्या वेगळी का? कारण सीला पॉइंटर मिळाला की अ‍ॅरे कुठे संपतो ते कळत नाही. दोन घटकांच्या अ‍ॅरेतला तिसरा मागितला तरी शेजारच्या जागेत जे असेल ते बिनदिक्कत आणून देईल.

जीसीसी या सी कम्पायलरने कम्पाइल करताना शेअर्ड आणि एफ-पिक हे दोन पर्याय द्या. लिनक्सवर डॉट-एसओ फाइल तयार होते, विंडोजवर डीएलएल. तुमचा पायथन ६४-बिटी असेल तर लायब्ररीही ६४-बिटीच हवी. फाइल सी प्लस प्लसची असेल तर फंक्शनच्या आधी एक्स्टर्न-सी लिहायला विसरू नका. तो कम्पायलर नावांना स्वतःचे शेपूट-मुंडके जोडतो आणि पायथनला मग 'बेरीज' सापडतच नाही.

मग पायथनची बाजू

पायथनसोबतच येणारं सी-टाइप्स हे मोड्यूल वापरा. २००६ साली आलेल्या पायथन २.५ पासून ते आहे, वेगळं बसवावं लागत नाही. लायब्ररी उघडली की फंक्शन बोलवण्याआधी दोन ओळी लिहायच्याच: 'आर्गटाइप्स' म्हणजे काय काय देणार, आणि 'रेसटाइप' म्हणजे काय परत येणार.

या दोन ओळी वगळल्या तर काय होतं ते नीट समजून घ्या, कारण नवख्यांचे निम्मे क्रॅश इथलेच असतात. आर्गटाइप्स दिलं नाही तर सी-टाइप्स पायथनच्या पूर्णांकाला सीचा साधा इंट समजतं. इंट ३२ बिटांचा, पत्ता ६४ बिटांचा. वरचा अर्धा पत्ता गुपचूप कापला जातो. पिनकोड फाडून फक्त खोली नंबर पोस्टात टाकल्यासारखं. रेसटाइप दिलं नाही तर परत येणारं उत्तरही इंटच धरलं जातं, आणि डबल परत करणारं फंक्शन असेल तर हाती निव्वळ कचरा येतो. गंमत अशी की कधीकधी कापलेला पत्ताही चालून जातो, कारण मूळ पत्ताच लहान आकड्यात बसणारा होता. अशा नशिबावर चालणाऱ्या प्रोग्रॅमची मला जास्त भीती वाटते.

नमपायच्या अ‍ॅरेला सी-टाइप्स नावाचा एक गुणधर्म असतो. त्यातलं 'डेटा' हे पत्त्याचा नुसता आकडा देतं. 'डेटा-अ‍ॅज' हव्या त्या प्रकारचा पॉइंटर देतं, आणि तो पॉइंटर मूळ अ‍ॅरेला धरूनही ठेवतो. यातलं डेटा-अ‍ॅजच वापरा. त्याहून बरं म्हणजे नमपायच्या सी-टाइप्स-लिब भागातला एनडी-पॉइंटर. तो आर्गटाइप्समध्ये लिहिताना प्रकार, मिती आणि सलगपणा काय हवा ते सांगितलं की ते प्रत्येक वेळी आपोआप तपासलं जातं. चूक असेल तर पायथन आधीच बोंब मारतं, सीपर्यंत गोष्ट जातच नाही.

पहिली चाचणी पावसाची

चाचणीला कधीही शून्यांचा किंवा एक-दोन-तीनचा अ‍ॅरे घेऊ नका. डोळ्यांना लगेच ओळखू येतील असे आकडे घ्या. मी २६ जुलै २००५ चा पाऊस घेतो: सांताक्रूझ ९४४ मिलिमीटर, कुलाबा जेमतेम ७३. त्या दिवशी मुंबईत असलेल्या कुणालाही पहिला आकडा पाठ असतो. दोन घटकांचा अ‍ॅरे, बेरीज १०१७. आली, तर पुढे सरका.

आता मुद्दाम बिघडवा. सीच्या बाजूला पॉइंटर डबलऐवजी फ्लोटचा करा (परत येणारं उत्तर डबलच राहू द्या), पायथनच्या बाजूला आर्गटाइप्समध्येही फ्लोटचा पॉइंटर लिहा, अ‍ॅरे मात्र जुनाच ठेवा. डेटा-अ‍ॅज तक्रार करणार नाही, मागाल तो प्रकार चिकटवून देईल. उत्तर येईल ४.४२१८७५. हा आकडा कुठून टपकला? डबल ८ बाइटचा, फ्लोट ४ चा. सी दोन फ्लोट वाचते म्हणजे एकूण ८ बाइट, म्हणजे एकट्या ९४४ चेच दोन तुकडे. नेहमीच्या इंटेल-एएमडी यंत्रावर खालचे बाइट आधी असतात. ९४४ चे खालचे चारही बाइट शून्य, म्हणून पहिला फ्लोट ०. वरचे चार बाइट फ्लोट म्हणून वाचले की ४.४२१८७५. कुलाब्यापर्यंत सी पोचलीच नाही. ही आकडेमोड एकदा कागदावर करून बघा, मेमरीबद्दल दहा व्याख्यानांत कळणार नाही ते कळेल.

पूर्णांकांचं दुखणं याच जातीचं. ६४-बिटी १, २, ३ पाठवले आणि सीने ३२-बिटी इंट म्हणून वाचले तर १, ० आणि २ दिसतात. मध्ये शून्य पेरलेले दिसले की समजा, घटकाची रुंदी चुकली. यात विंडोज आणखी घोळ घालतं. तिथे सीचा लाँग ६४-बिटी यंत्रावरही ४ बाइटचा असतो, लिनक्सवर ८ चा. नमपायचा आपोआप निवडला जाणारा पूर्णांकही विंडोजवर ३२-बिटी असायचा, २०२४ च्या नमपाय २.० पासून तो ६४-बिटी झाला. म्हणजे नुसती नमपायची आवृत्ती वाढवली आणि जुनं चालतं काम बिघडलं, असं होऊ शकतं. उपाय सोपा: दोन्हीकडे इंट, लाँग असं मोघम न लिहिता इंट-३२, इंट-६४ असं बिटांसकट लिहा.

फास्ट आणि स्लो

दहा घटकांच्या अ‍ॅरेतून एक आड एक घेतलेला तुकडा हा नमपायमध्ये नवा अ‍ॅरे नसतो. मूळ मेमरीकडेच बघायची ती वेगळी खिडकी असते. नमपायच्या नोंदीत प्रत्येक पावलाचं अंतर, म्हणजे स्ट्राइड, ८ ऐवजी १६ बाइट लिहिलेलं असतं. हा तुकडा फास्ट लोकल आहे. पण सीला तुम्ही फक्त सुरुवातीचं स्टेशन सांगितलं, आणि सीची गाडी कायम स्लो. ती प्रत्येक स्टेशनवर थांबणार. पाच घटक मोजेल खरे, पण सलग पहिले पाच.

म्हणून पत्ता देण्याआधी अ‍ॅरेचे फ्लॅग्ज, म्हणजे मांडणीच्या हो-नाही खुणा, बघा: सी-कंटिग्युअस (सलग) खरं आहे ना? नसेल तर अ‍ॅज-कंटिग्युअस-अ‍ॅरे हे फंक्शन सलग नक्कल करून देतं.

आणि इथेच एक सापळा आहे. हे फंक्शन अ‍ॅरे आधीच सलग असेल तर तोच परत देतं, नसेल तरच नक्कल करतं. सी जर त्या अ‍ॅरेत काही लिहिणार असेल, तर कधी मूळ अ‍ॅरे बदलेल आणि कधी फक्त नक्कल. तुम्ही मूळ छापून बघाल आणि म्हणाल, सीने काही केलंच नाही. सी लिहिणार असेल तेव्हा उत्तरासाठी वेगळा, सलग, आधीच तयार केलेला अ‍ॅरे द्या आणि तोच वाचा.

मजल्याने की जिन्याने

दोन मितींचा अ‍ॅरे आला की फोरट्रान या जुन्या गणिती भाषेशी गाठ पडते. फोरट्रान मेलं असं कॉलेजात सांगतात. हवामानाचं डब्ल्यूआरएफ मॉडेल बहुतांशी फोरट्रानमध्ये आहे, आणि लिनिअर अ‍ॅल्जिब्राची लॅपॅक लायब्ररीही. त्यामुळे आज ना उद्या भेट होणारच.

४ मजले, मजल्यावर २० खोल्या असा अ‍ॅरे घ्या. सी आणि नमपाय एक मजला आडवा संपवूनच वर चढतात. फोरट्रान जिन्याने जातं: पहिल्या खोलीच्या डोक्यावरची, तिच्या डोक्यावरची, वरपर्यंत, मग खाली येऊन दुसरी रांग. शिवाय सी मुंबईच्या चाळीसारखी तळमजला शून्य धरते. फोरट्रान, वेगळं सांगितलं नाही तर, एकपासून मोजतं.

दुसऱ्या मजल्यावरची आठवी खोली शोधू. सीच्या भाषेत मजला २, खोली ७. सीची मोजणी २ गुणिले २० अधिक ७, म्हणजे ४७ खोल्या सोडून, ३७६ बाइट पुढे. फोरट्रानची मोजणी २ अधिक ७ गुणिले ४, म्हणजे ३० खोल्या सोडून, २४० बाइट पुढे. चाळ एक, पत्ता एक, दारं दोन. आणि क्रॅश होत नाही, कारण दोन्ही दारं त्याच चाळीत आहेत! एकूण बेरीजही बरोबर येते. चुकतात फक्त मजल्यावारी बेरजा. म्हणून दोन मितींची चाचणी एकूण बेरजेने कधीच करू नका, आणि चौरस अ‍ॅरेनेही नको.

सुटकेचे दोन मार्ग आहेत. नमपायमध्येच अ‍ॅरे फोरट्रानच्या क्रमाने मांडून घ्यायचा, त्यासाठी अ‍ॅज-फोरट्रान-अ‍ॅरे आहे. किंवा मेमरीला हात न लावता फोरट्रानमध्ये मिती उलट्या लिहायच्या: ४ बाय २० ऐवजी २० बाय ४. मला दुसरा आवडतो, नक्कल वाचते. पण तिथे ठळक टीप लिहून ठेवा, नाहीतर पुढचा माणूस 'चूक' दुरुस्त करून टाकतो.

फोरट्रानच्या आणखी तीन सवयी. ते सगळंच पत्त्याने घेतं, अगदी घटकांची संख्यासुद्धा. तुम्ही २ हा आकडा दिलात तर ते २ नंबरच्या पत्त्यावर जाऊन वाचायला बघेल आणि पडेल. दुसरं, जीफोरट्रान फंक्शनच्या नावाला शेवटी अंडरस्कोर लावतं. फोरट्रान २००३ पासून आलेलं बाइंड-सी लिहिलं की नाव तुम्ही ठेवाल तेच राहतं, आणि संख्येला 'व्हॅल्यू' हा गुणधर्म दिला की ती पत्त्याने न येता थेट येते. तिसरं, मितीच्या जागी नुसता कोलन लिहिलात तर फोरट्रान कोऱ्या पत्त्याऐवजी अ‍ॅरेचं सगळं वर्णन असलेली चिठ्ठी मागतं. तुम्ही तर पत्ताच देताय. तेव्हा कोलन टाळा, मितीत संख्या लिहा.

चाळ पाडली तर

ही पायरी मी स्वतः तोंडावर आपटून शिकलो. एका सी लायब्ररीला सुरुवातीला अ‍ॅरेचा पत्ता देऊन ठेवायचा आणि नंतर हवं तेव्हा हिशेब मागायचा, अशी रचना मीच केली होती. पायथनमध्ये तो अ‍ॅरे एका फंक्शनच्या आत बनत होता. लॅपटॉपवर आठवडाभर सुरळीत. पहिल्या खऱ्या रात्रीच्या रनला फोन आला तेव्हा मी दादरच्या पुलावर गर्दीत अडकलो होतो: सेगमेंटेशन फॉल्ट (आपली नसलेली मेमरी वाचल्याने प्रोग्रॅम पडणं), एक्झिट कोड १३९.

झालं होतं असं. पायथनचं फंक्शन संपलं, अ‍ॅरेला धरून ठेवणारं कुणी उरलं नाही, पायथनने मेमरी परत दिली. सीकडे पत्ता तसाच राहिला. चाळ पाडली तरी खिशातल्या जुन्या चिठ्ठीवरचा नंबर पुसला जात नाही, तसं. लॅपटॉपवर का चाललं? चाचणीचा अ‍ॅरे छोटा होता. छोटा तुकडा मोकळा झाला तरी सहसा प्रोग्रॅमच्याच ताब्यात पडून राहतो, आणि कुणी दुसरं राहायला येईपर्यंत जुने आकडे बहुतांशी तिथेच असतात. मोठे तुकडे लिनक्सवर, साधारण १२८ किलोबाइटच्या वरचे, थेट ऑपरेटिंग सिस्टिमला परत जातात. मग त्या पत्त्यावर नुसतं डोकावलं तरी प्रोग्रॅम मरतो. म्हणजे छोट्या डेटावर चूक लपते आणि मोठ्यावर फुटते. चाचणीत एकदा तरी मोठा अ‍ॅरे घाला, तो याचसाठी.

नियम असा ठेवा: सी जोवर पत्ता वापरणार, तोवर पायथनमध्ये त्या अ‍ॅरेला नाव असलंच पाहिजे. सी पत्ता जपून ठेवणार असेल तर अ‍ॅरे एखाद्या ऑब्जेक्टमध्ये बांधून ठेवा. दोन अ‍ॅरेंची बेरीज करून त्याच ओळीत तिच्या 'डेटा'चा आकडा घेणं तर सरळ घातक आहे. ओळ संपायच्या आत ती बेरीज गेलेली असते.

उलट दिशेने, सीने मॅलॉक करून (मागून घेऊन) दिलेली मेमरी सीच्याच फंक्शनने मोकळी करायची. ज्याने कुलूप लावलं त्यानेच उघडावं. विंडोजवर दोन डीएलएल वेगवेगळ्या सी रनटाइमच्या असू शकतात, आणि एकीची मेमरी दुसरीने फ्री केली की हीप, म्हणजे प्रोग्रॅमचा मेमरीचा साठा, बिघडते.

संक्रमण शिबिरवाल्या भाषा

नेहमीच्या पायथनमध्ये वस्तू निदान जागा सोडत नाही. जावा आणि सी-शार्पमध्ये गार्बेज कलेक्टर, म्हणजे नको असलेली मेमरी गोळा करणारी यंत्रणा, चालू कामातही अ‍ॅरे उचलून दुसरीकडे ठेवू शकतो. पुनर्विकासात भाडेकरूंना संक्रमण शिबिरात हलवतात तसं, फक्त तुम्हाला नोटीस येत नाही. सी-शार्पमध्ये 'फिक्स्ड' लिहून अ‍ॅरे तेवढ्या वेळापुरता खिळवून ठेवता येतो. जावात जेएनआयकडून (जावा आणि सी जोडणाऱ्या दुव्याकडून) घटकांचा पॉइंटर मागायचा आणि काम झालं की 'रिलीज' करायचंच, कारण मिळालेला पॉइंटर नकलेचाही असू शकतो आणि रिलीजशिवाय तुमचे बदल मूळ अ‍ॅरेत परत येत नाहीत. नवं काम असेल तर जावा २२ मध्ये पक्कं झालेलं फॉरेन फंक्शन अँड मेमरी एपीआय बघा. त्यात कलेक्टरच्या हद्दीबाहेर मेमरी घेता येते, हलण्याचा प्रश्नच नाही. गो भाषेचा नियम कडक आहे: गोच्या मेमरीचा पत्ता सीने, तो खिळवून ठेवलेला नसेल तर, कॉल संपल्यावर जपून ठेवायचा नाही.

एक्सेलच्या व्हीबीएतून (मॅक्रोच्या भाषेतून) डीएलएलला अ‍ॅरे देणारे आपल्याकडे बीकेसीपासून फोर्टपर्यंत बसलेत, म्हणून दोन शब्द. डिक्लेअरमध्ये बायरेफ डबल लिहा आणि कॉलमध्ये अ‍ॅरेचा पहिला घटक द्या. पहिल्या घटकाचा पत्ता हाच अ‍ॅरेचा पत्ता. कंस लावून पूर्ण अ‍ॅरे दिलात तर डीएलएलला सेफ-अ‍ॅरे नावाच्या वर्णनाकडे नेणारा पत्ता मिळतो, आकड्यांचा नाही. ६४-बिटी ऑफिसमध्ये डिक्लेअरला पीटीआर-सेफ लागतं, आणि पत्ता धरणारा व्हेरिएबल लाँग-पीटीआर हवा, लाँग नको. ऑफिस २०१० पासून हे दोन्ही आहेत. आणि व्हीबीएची मांडणी फोरट्रानसारखी जिन्याने जाणारी आहे, हे लक्षात असू द्या.

तरीही पडलं तर

दोन्ही बाजूंनी तोच पत्ता हेक्समध्ये छापा, शेजारी घटकाची रुंदी, संख्या आणि पहिले तीन घटक. पत्ते वेगळे निघाले तर आर्गटाइप्सकडे जा. पत्ते सारखे आणि घटक वेगळे असतील तर प्रकार किंवा स्ट्राइड. सुरुवातीला सगळं सारखं आणि थोड्या वेळाने घटक बदलतात, म्हणजे चाळ पाडलीय. पायथनचं फॉल्ट-हँडलर चालू ठेवलं तर पडताना पायथनची कुठली ओळ चालू होती ते सांगतं. सीचं फंक्शन एका छोट्या सी प्रोग्रॅममधून बोलवून अ‍ॅड्रेस सॅनिटायझर (मेमरीच्या चुका पकडणारा तपासनीस) आणि डीबग माहितीसकट कम्पाइल केलं, तर हद्दीबाहेरचं वाचन-लेखन ओळ नंबरासह सापडतं.

एक चूक मात्र यातल्या कशानेही सापडत नाही. दोन वेगळे प्रोग्रॅम, म्हणजे दोन वेगळ्या प्रोसेस, एकमेकांना सॉकेटवरून किंवा फाइलमधून पत्ता पाठवतात तेव्हा. प्रत्येक प्रोसेसची पत्त्यांची दुनिया स्वतंत्र असते. खोली नंबर १२ नायगावच्या चाळीतही आहे आणि डिलाईल रोडच्याही. तिथे पत्ता द्यायचा नसतोच, शेअर्ड मेमरीचं नाव द्यायचं. पायथन ३.८ पासून मल्टिप्रोसेसिंगमध्ये शेअर्ड-मेमरी आहे. एका प्रोसेसने नाव देऊन तुकडा बनवायचा, दुसरीने त्याच नावाने उघडायचा आणि आपल्या बाजूने नमपायचा अ‍ॅरे त्यावर बसवायचा. दोघींना पत्ता बहुधा वेगवेगळा दिसेल, आकडे तेच. शेवटी दोघींनी 'क्लोज' आणि बनवणारीने एकदाच 'अनलिंक' करायचं.